धरून सोड

॥ श्री ॥

मैलापूर, चेन्नई
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रुचिरा हिला गुंडोरावाचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. दोन वर्षांपूर्वीच लिहायचं मनात होतं. पण कोणत्या नात्यानं लिहावं ते कळेना. तू माझ्या नातीला उचलून आपटतेस, एवढीच आपली ओळख.

मी संयुक्ताचा आजोबा, तिच्या आईचा बाप. ती मला ताता म्हणते, इकडच्या तमिळ रीतीनं. तिचे वडील ती सहा वर्षांची असताना गेले. तेव्हापासून ती आणि तिची आई श्रीविद्या माझ्याजवळच. आमचं घराणं तंजावरचं मराठी. तुझ्यासारख्या नाशिककडच्या माणसाला आमची मराठी ऐकून हसू येतं असं संयुक्ता सांगते, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घे. शाळा मी पाचवीपर्यंतच पाहिली. फोन करत नाही, कारण फोन जवळ आणला की माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि समोरचा माणूस काय बोलला ते राहूनच जातं. म्हणून संयुक्ता गावाला असली की आमचं सगळं पत्रातून चालतं. तुझा पत्ता तिच्या खोलीतल्या एका पाकिटावर मिळाला. विचारून घेतला नाही, ही दुसरी माफी.

मी इथल्या एका सभेत, म्हणजे गाण्या-नाटकाच्या संस्थेत, अडतीस वर्षं पडदा ओढण्याचं काम केलं. गाणं, नाच, नाटक, सगळ्याला. पौराणिक नाटकात राक्षस मागे कोसळायचा, तेव्हा देखाव्यामागे काथ्याची गादी घालायची तेही माझंच काम. दर प्रयोगाला तो मरायचा आणि पडदा पडला की उठून माझ्याकडे कापी, म्हणजे तुमची कॉफी, मागायचा. तेव्हा तुमच्या कुस्तीच्या खेळात कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, ते मला कुणी सांगायला नको. पण संयुक्ताला वाटतं मला हे माहीत नाही. अकरा वर्षं ती माझ्यापासून लपवते आहे. ती हरली की मी समोरच्या बाईला नावं ठेवतो, ती खूश होते. तुलाही पुष्कळ नावं ठेवली आहेत. मनावर घेऊ नकोस.

आता खरं बोलतो. कोण जिंकतं ते खोटं असेल, पडणं खोटं नसतं. पडलेलं माणूस मी आयुष्यभर मागच्या बाजूनं पाहिलं. नवरात्रात संयुक्ता चार दिवस घरी होती. कापीचा पेला तिच्या डाव्या हातातून दोनदा सुटला. हात ओला होता म्हणाली. मग श्रीविद्याला तिच्या पिशवीत मानेचा फोटो आणि डॉक्टरांचा कागद सापडला. मानेचे दोन मणके सरकले आहेत. जानेवारीत ऑपरेशन. तोवर खेळू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण तिनं हट्टानं आधी ठरलेला क्वालालंपूरचा सामना आणि शेवटचा एक मागून घेतला आहे, २२ डिसेंबरचा, तुझ्याबरोबरचा. त्या दिवशी तिचा विजेतेपदाचा पट्टा तुझ्याकडे जाणार हे मी जाहिरातीवरून ओळखलं. सभेत असताना असंच कळायचं. ज्याचं चित्र मोठं होत जातं, पुढचं वर्ष त्याचं.

रुचिरा, मी तुमचे सगळे सामने श्रीविद्याच्या मोबाइलवर पाहतो. तू तिला खांद्यावर घेतेस, उलटी करतेस, आणि खाली आणताना तुझा डावा तळवा तिच्या डोक्यामागे जातो. लोकांना तो दिसत नाही. मला दिसला. तेव्हापासून तुला आशीर्वाद लिहायचा होता.

म्हणून आता एकच मागणं. त्या दिवशी तिला उचललीस की मान धरून सोड. घाईत विसरशील, म्हणून परत लिहितो. मान धरून सोड. बाकी देव बघून घेईल.

हे संयुक्ताला सांगू नकोस. अंगावर ताप वगैरे काढू नकोस, तुमच्या आवडी गावात या दिवसात डास फार. पत्र वाचून सोड आणि दोन ओळी उत्तर लिहून सोड. म्हाताऱ्यावर नसलेला लोभ नव्यानं धरावा.

तुझा,
गुंडोराव


॥ श्री ॥

आवडी
२६ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप गुंडोराव आजोबांना रुचिराचा वाकून नमस्कार.

पत्र मिळालं. पाकिटावर अनोळखी अक्षर आणि मैलापूरचा शिक्का पाहून वाटलं, कुणीतरी चाहत्यानं शिव्या लिहून पाठवल्या. अशी पत्रं येतात मला, कारण गेली दोन वर्षं मी या कंपनीतली दुष्ट बाई आहे. मागे एका आजींनी भाजीच्या दुकानात माझ्या हातातले टोमॅटो काढून घेतले. त्यांच्या पुलीला, म्हणजे लोक जिला वाघीण म्हणतात त्या तुमच्या संयुक्ताला, मी खुर्चीनं मारलं होतं म्हणून. तुमच्याकडून आशीर्वाद येतील असं स्वप्नातही नव्हतं.

माझ्याबद्दल थोडं. मी नाशिकची. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले. चौथ्या वर्षी नोकरी सोडून या धंद्यात पडले. घरी अजून कुणी धड बोलत नाही. मला पडायला तुमच्या नातीनं शिकवलं. इथल्या शेडमध्ये, पत्र्याखाली, एप्रिलच्या उन्हात, दिवसाला शंभर वेळा. हनुवटी छातीला, तळहात जमिनीला, श्वास बाहेर. मी रडले की ती रागवायची नाही, स्वतः शेजारी पडून दाखवायची. आम्ही आपसात इंग्रजीत बोलतो. मराठीत बोल म्हटलं तर तू हसशील म्हणते.

कोण जिंकणार त्याबद्दल मी लिहू शकत नाही. तो आमच्या धंद्याचा नियम आहे, आणि तुम्ही पडद्यामागचे, म्हणजे समजून घ्याल.

पण मानेबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाक्य मी तीन वेळा वाचलं. तिच्या घरच्या मोठ्या माणसालाही तेच वाटतं हे पाहून छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तुम्ही सांगितलंत तसंच करीन. शब्द देते. तिला काही कळणार नाही.

डासांसाठी जाळी लावली आहे. दुष्ट बाईवरचा लोभ घरात कुणाला कळू देऊ नका, पण असू द्या.

आपली,
रुचिरा


॥ श्री ॥

क्वालालंपूर
३ डिसेंबर २०२४

तीर्थरूप ताता यांना संयुक्ताचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र हॉटेलवर मिळालं. आई म्हणते तुम्ही डोळ्यात थेंब घालत नाही आणि विचारलं की घातले म्हणता. ताता, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, प्रयत्न करू नका.

इकडे तमिळ लोक पुष्कळ, त्यामुळे माझं नाव नीट ओरडतात. पुली, पुली. ओसाकाला आठवतं ना, तिथल्या लोकांच्या जिभेवर ल बसत नव्हता, सगळं मैदान पुरी, पुरी ओरडत होतं, आणि तुम्ही पत्रात विचारलं होतंत की बरोबर बटाट्याची भाजीही मागतात का. इथे काल शेवटचा बाहेरगावचा सामना झाला. जिंकले. जपून खेळले, तुम्ही काळजी करू नका. हात बरा आहे.

पट्टा कंपनीनं पुन्हा मुलामा देऊन आणला. या वेळी घरी आणणार नाही. मागच्या वेळी तुम्ही तो समईसारखा चिंचेनं घासला आणि सगळं सोनं निघून खाली पितळ दिसायला लागलं, त्याबद्दल मला ऑफिसात अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. चार वेळा मिळाला हा पट्टा मला. पहिल्यांदा मिळाला तेव्हा सामना बघायला सत्तर माणसं होती, त्यातली वीस पावसासाठी आत शिरलेली. आता बावीस तारखेची आठ हजार तिकिटं गेली आहेत.

ताता, एक मागणं आहे. त्या दिवशी तुम्ही या. अकरा वर्षांत तुम्ही एकदाही समोर बसून पाहिलं नाही, मोबाइलवरच पाहिलं. ऑपरेशननंतर मी पुन्हा उतरेन असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. हा शेवटचा. तिसऱ्या रांगेत आई आणि तुमच्यासाठी जागा ठेवली आहे.

जिंकेन की हरेन ते तेव्हा कळेल. रुचिरा आता जोरात आहे. पण हरले तर एक इच्छा आहे. नीट हरावं. तिनं मला पूर्ण उंच उचलावं, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसावं, आणि खाली आणावं. जिनं अकरा वर्षं सगळ्यांना पाडलं तिला कुणीतरी पाडलं, असं लोकांनी घरी जाऊन सांगावं. थकून उतरली, आजारी होती म्हणून सोडून दिली, असं कुणी म्हणू नये. एवढं मिळालं की मी शांतपणे ऑपरेशनच्या टेबलावर झोपेन.

रुचिराला नावं ठेवू नका. चांगली मुलगी आहे. माझा जीव तिच्या हातात देताना मला कधी भीती वाटली नाही, म्हणजे खेळात म्हणते मी.

थेंब घाला. इकडून तुमच्यासाठी गुडघ्याचं तेल आणते आहे. माझ्यावर लोभ आहेच, तो त्या दिवशी तिसऱ्या रांगेत घेऊन या.

तुमची,
संयुक्ता


॥ श्री ॥

मैलापूर
२५ डिसेंबर २०२४

चि. रुचिरा हिला आशीर्वाद.

तीन दिवस झाले. श्रीविद्या शाळेत शिकवते, सुट्टीमुळे ती घरात कपाटं आवरत बसली आहे. सभांमधून मार्गळी महिन्याचा गाण्याचा उत्सव चालू आहे, रस्त्यानं माणसं रेशमी कपडे घालून जातात, आणि मी ओट्यावर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघतो आहे. तुला विचारल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितो.

मी तिसऱ्या रांगेत होतो. सगळं पाहिलं. पंचवीस मिनिटं तुम्ही दोघी फार चांगलं खेळलात. संयुक्ता डावा हात वापरत नव्हती, ते मला दिसलं, लोकांना नाही. तू तिच्या त्या बाजूनं सारखी आड येत होतीस, तेही दिसलं. मग तू तिला खांद्यावर घेतलंस. आठ हजार माणसं उभी राहिली. मी उभा राहिलो नाही, पुढच्या दोघांच्या मधल्या फटीतून पाहिलं. तुझा तळवा तिच्या मानेमागे गेला. मी मनात म्हटलं, धरली, शब्द पाळला मुलीनं.

आणि तू तिला खाली उतरवलंस. मूल कडेवरून उतरवतात तसं, पायांवर. आणि सोडून दिलंस.

मला वाटलं दम लागला असेल. तू परत उचललंस, अर्ध्यावर नेलंस, परत उतरवलंस. संयुक्ता तुझ्या कानाशी काही बोलली. तू मान हलवलीस. लोक शिट्ट्या मारायला लागले. माझ्या मागचा एक जण म्हणाला की फसवलं सगळ्यांना. मग ती तुझ्याकडे थोडा वेळ बघत उभी राहिली, आणि स्वतःच खाली बसली, आणि उताणी झोपली. हात दोन्ही बाजूंना पसरून. पंचाला काही कळेना. तिनं त्याला काही सांगितलं, तेव्हा त्यानं तीन मोजले, म्हणजे तू जिंकलीस. तुझ्या कमरेला पट्टा बांधला तेव्हा तू रडत होतीस. लोक कागद फेकत होते.

आतल्या खोलीत तिनं आम्हाला येऊ दिलं नाही. तशीच तंजावरला माझ्या बहिणीकडे, तुळसीकडे गेली. तिथे फोन बंद ठेवला आहे. निघताना आईला एवढंच म्हणाली की रुचिरा शेवटच्या क्षणी भ्याली, आणि यापुढे तिचं नाव माझ्यासमोर काढू नका, ऑपरेशनची तारीख तिला सांगू नका.

मान तू धरली होतीस, हे मी दोन डोळ्यांनी पाहिलं. मग सोडलीस का? माझ्या नातीनं अकरा वर्षांत एकच गोष्ट मागितली होती. मला समजेल असं लिही. रागावलो नाही असं लिहायचं होतं, पण ते खरं नाही.

गुंडोराव


॥ श्री ॥

आवडी
३१ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप आजोबांना रुचिराचा नमस्कार.

तुमचं पत्र हातात घेऊन बसले आहे. डाव्या हाताला तुमचं नोव्हेंबरचं पत्र आहे. त्यात तुमच्याच अक्षरात दोनदा लिहिलं आहे, मान धरून सोड. मी धरली आणि सोडली. तुम्ही सांगितलंत तेच केलं.

मला तो अर्थ असा लागला की उचल, मान धर, पण आपटू नकोस, सोडून दे. म्हणजे लोकांना उचललेली दिसेल आणि ती सुखरूप खाली येईल, मग मी तिला साधं गुंडाळून, खांदे जमिनीला टेकवून तीन मोजून घेईन. सामन्याआधी तिला सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, आणि तुम्हीही सांगू नकोस म्हणाला होतात. आमच्या धंद्यात जोडीदाराला न सांगता शेवट बदलणं याहून मोठा गुन्हा नाही. तो मी केला. उतरवल्यावर तिच्या कानात म्हटलं, इथूनच गुंडाळते. ती म्हणाली, नाही, वर ने. मी दुसऱ्यांदा उचललं, आणि हात पुढे गेलेच नाहीत. मग ती झोपली. आमचे पंच राममूर्ती सर नुसते बघत उभे होते. ती छताकडे बघत म्हणाली, "राममूर्ती सर, मोजा."

आजोबा, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. पत्र वाचलं तेव्हा ते वाक्य मला विचित्र वाटलं होतं. त्याच पत्रात शेवटी तुम्ही 'पत्र वाचून सोड' आणि 'उत्तर लिहून सोड' असं लिहिलं आहे. पत्र वाचून कुणी सोडत नाही. म्हणजे तुमच्याकडे या 'सोड'चा अर्थ निराळा असणार, हे मला तेव्हाच सुचलं होतं. पाच रुपयांच्या पाकिटात विचारता आलं असतं. विचारलं नाही. मला तोच अर्थ हवा होता.

ऑक्टोबरमध्ये कोईमतूरला तिचा डावा हात माझ्या खांद्यावरून सुटला होता. उंचावर. मी कशीबशी तिला फिरवली, लोकांना तो डाव वाटला, टाळ्या पडल्या. तिनंही कधी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्या दिवसापासून तिला उचलायचं म्हटलं की तो सुटलेला हात आठवतो. ती म्हणते मी भ्याले. खरं आहे. तुमच्या पत्रानं मला भ्यायला परवानगी दिली, एवढंच.

तुमच्या पत्राबद्दल तिला मी बोललेले नाही. शब्द दिला होता. बूट काढताना ती मला म्हणाली की मी तुला पडायला शिकवलं आणि तू मला पडूही दिलं नाहीस.

पट्टा माझ्या कपाटात आहे. मी तो लावून कुठे गेले नाही. ऑपरेशन कधी आहे, कुठे आहे, मला माहीत नाही. तिला काय सांगायचं, किती सांगायचं, ते तुम्ही ठरवा. मी जे लिहिलं ते तिला दाखवलंत तरी चालेल. तुमच्या रागावर माझा हक्क आहे, तो पुरा येऊ द्या. नंतर जमलं तर थोडा लोभ.

रुचिरा


॥ श्री ॥

मैलापूर
पोंगल, १४ जानेवारी २०२५

चि. संयुक्ता हिला ताताचे अनेक अनेक आशीर्वाद.

घरी पोंगलचा गोड भात शुभ म्हणून उतू घालवला, आईनं तुझ्या नावानं एक वाटी बाजूला ठेवली. तुळसीला सांग की तुला उसाची पेरं सोलून दे, तू दातानं सोलू नकोस, मानेला हिसका बसतो. उशी पातळ घे. तंजावरला पहाटे थंडी असते, कान झाकून झोप.

हे पत्र लिहायला मला दोन आठवडे लागले. तीन कागद फाडले. आईनं विचारलं तेव्हा वीज बिलाची तक्रार लिहितो म्हणालो. तिनं विश्वास ठेवला नाही. शेवटी तिलाच सगळं सांगितलं, आता तुला सांगतो.

रुचिरा भ्याली नाही. तिनं मी लिहिलेलं केलं. नोव्हेंबरमध्ये तुझ्या खोलीतून पत्ता घेऊन, तुला न विचारता, मी तिला पत्र लिहिलं होतं. तुझा पेला सुटला, डॉक्टरांचा कागद सापडला, मला राहवलं नाही. तिला लिहिलं की उचललीस की मान धरून सोड.

तुला माहीत आहे आपण घरात कसं बोलतो. जेवून सोड, दार लावून सोड, औषध घेऊन सोड. नक्की कर, विसरू नकोस, एवढाच अर्थ. आई म्हणाली हे तमिळमधून आपल्यात आलं. तिकडे प्रत्येक कामाच्या शेवटी 'विडु' लावतात, त्याचं आपल्या पूर्वजांनी 'सोड' केलं. मला हे कधी ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं सगळेच मराठी असंच बोलतात. नाशिकची मुलगी ते वाचणार कसं? तिनं वाचलं, धर आणि सोडून दे. घरच्या मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून तिनं आपल्या धंद्याचा नियम मोडला, तुझा राग घेतला, लोकांचा घेतला, आणि मला शब्द दिला होता म्हणून तुझ्यापाशी तोंड उघडलं नाही. तिचं पत्र आलं होतं. त्यात याहून वेगळं काही नव्हतं. दाखवलं असतं, पण काल भोगीला जुने कागद जाळले त्यात तेही गेलं. माझ्याच हातानं गेलं.

माझा अर्थ तोच होता जो तुझा होता. तिनं तुला वर न्यावं, खाली आणावं, आणि मान धरावी. तुझं पडणं थांबवावं असं मी कधी लिहिलं नसतं. एवढ्यावर तू विश्वास ठेव.

आणखी एक. तू मला अकरा वर्षं सांगितलं नाहीस की सगळं आधी ठरलेलं असतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अडतीस वर्षं पडदा ओढला ग मी. तू जिंकून आलीस की तुझा चेहरा बघून मी विचारायचो की समोरची फार तगडी होती का, आणि तू रंगवून सांगायचीस. ते ऐकायला मिळावं म्हणून गप्प राहिलो. जिंकणं ठरलेलं असतं म्हणून मला तुझं काम कधी खोटं वाटलं नाही. सभेत मी मोठमोठे कलावंत पाहिले. पंचवीस मिनिटं एका हातानं खेळून आठ हजार माणसांना दुसरा हात नाही हे कळू न देणारं माणूस पाहिलं नव्हतं.

तू झोपलीस तेव्हाचं सांगतो, कारण तुला वाटत असेल की ताताला लाज वाटली. लोक ओरडत होते, कागद उडत होते. माझा हात वर गेला होता. आईनं खाली ओढला. नंतर लक्षात आलं, मी दोरी शोधत होतो, पडदा ओढायला. तुझ्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून. पण मग तू पंचाकडे न बघता मोजायला सांगितलंस, आणि मी हात मांडीवर ठेवला. तो पडदा ओढण्यासारखा क्षण नव्हता. तुला कुणी पाडलं नाही. लोकांनी घरी जाऊन काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं की तिनं पट्टा हातानं काढून दिला. तुला हवं होतं ते हे नव्हतं, हे मला कळतं. ते मी घालवलं. त्याला माफी नाही, मी मागतही नाही.

पण रुचिराला माझ्या चुकीची शिक्षा देऊ नकोस. सत्तावीस तारखेला तुला टेबलावर घेतील. आई एकटी आहे, माझ्यानं जिने चढवत नाहीत. तुला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, मान न हलवता पाणी पाजायचं, हे नर्सला शिकवावं लागेल. एका मुलीला ते येतं. तिला अजून तारीख कळवलेली नाही, तुझ्या परवानगीशिवाय कळवणार नाही, ही चूक मी दुसऱ्यांदा करणार नाही.

सोबत पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवलं आहे. त्यावर होय किंवा नको एवढंच लिही, सही नको, मजकूर नको. रागात लिहिलंस तरी चालेल. टपालाला तीन-चार दिवस लागतात, आणि तिला आवडीहून यायचं म्हणजे आधी कळायला हवं, तेव्हा वीस तारखेच्या आत टाक. मी रोज अकरा वाजता ओट्यावर असतो, पोस्टमन तेव्हाच येतो. लवकर कळव, संयुक्ता.

तुझा,
ताता